जुन्या गोव्यातलं म्युझियम मुळात कुणाचं घर होतं?

चिरेबंदी

जुन्या गोव्याला आजवर चार वेळा गेलो. पहिल्या तीन खेपांना क्रम ठरलेला: बॉम जेझुस, रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल, बाहेर येऊन शहाळं आणि गाडी पणजीकडे. से कॅथेड्रलच्या मागे पश्चिमेला पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. त्याच्या दारातून तिन्ही वेळा परत फिरलो, कारण बरोबरच्या कुणी ना कुणी "आत नुसते दगड आहेत रे" म्हणायचं.

चौथ्यांदा गेलो ते म्हापशाला चुलतबहिणीच्या लग्नासाठी. मुहूर्त संध्याकाळचा, अख्खा दिवस मोकळा आणि गळ्यात सातवीतला भाचा. आत शिरल्यावर पाच मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, हा तर वाडा आहे." मधे उघडा चौक, चहूबाजूंनी ओसरी, कमानी, वर माडी. खरंच वाडा. मग कुणाचा, हे त्याने विचारलं आणि मला सांगता येईना. घरी येऊन वाचलं, ते इथे टाकतोय.

हा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या, संन्याशांचा मठ. अफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला. सात वर्षांनी, १५१७ मध्ये, आठ फ्रान्सिस्कन इथे आले. तेव्हाचा गव्हर्नर लोपो सोआरेस द आल्बेर्गारिया याने त्यांना राहायला जागा दिली. १५२१ मध्ये तीन वेद्यांचं छोटं प्रार्थनाघर उभं राहिलं. पुढे पसारा वाढला, आणि जुनं पाडून त्याच जागी १६६१ मध्ये आजचं चर्च बांधलं. पाडताना एक गोष्ट मात्र तशीच ठेवली: दार.

या दारासमोर आम्ही अर्धा तास काढला. बाकी दर्शनी भाग पांढरा, साधा, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आणि मधोमध काळसर दगडाचं हे दार. दगडाला पीळ दिल्यासारखं कोरीव काम, वर मुकुट, क्रूस, आणि दोन गोल. गोल म्हणजे पृथ्वी नव्हे. एकात एक कडी अडकवलेला खगोल, जहाजावरच्या लोकांच्या कामाचा. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याचं ते चिन्ह. त्याच्या काळातल्या या समुद्री धाटणीला त्याच्याच नावाने ओळखतात. मॅन्युएल वारला डिसेंबर १५२१ मध्ये, म्हणजे हे प्रार्थनाघर झालं त्याच वर्षी. एकशेचाळीस वर्षांनी सगळी इमारत बदलली, पण पणजोबांच्या वाड्याची चौकट नव्या बंगल्याला बसवावी तसं ते दार त्यांनी पुन्हा लावलं.

चर्चच्या आत खाली बघून चालावं लागतं. फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळाच. त्यांवर घराण्यांची चिन्हं, ढाली, शिरस्त्राणं, पोर्तुगीज अक्षरं. शतकानुशतकांच्या पायांनी काही अक्षरं इतकी झिजलीत की बोट फिरवल्यावरच कळतात. भाचा उड्या मारत रिकाम्या जागा शोधत होता. पाय ठेवायला तशी जागाच नाही.

मुख्य वेदी सोन्याच्या वर्खाने लखलखणारी. क्रूसावरच्या ख्रिस्ताला खालून कवेत घेणारे संत फ्रान्सिस, आणि पायाशी तीन शब्द: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. दारिद्र्याची शपथ आणि वर एवढं सोनं, हे बघून हसू येतं खरं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संतांच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत. श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा असलेल्या फ्रान्सिसने सगळं सोडून दिलं, ही ती गोष्ट. आपल्याकडच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

आणि मठ? तो कुणी लढाईत पाडला नाही की जाळला नाही. पोर्तुगालच्या सरकारनेच बंद केला. तिकडे यादवी युद्धात उदारमतवादी जिंकले आणि मे १८३४ मध्ये पुरुषांचे सगळे मठ बरखास्त करून मालमत्ता सरकारजमा करायचा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्या मंत्र्याला, जोआकिम आंतोनियु द आगियारला, लोकांनी नाव ठेवलं 'माता-फ्रादेश', म्हणजे संन्यासीमाऱ्या. गोव्यात अंमल झाला १८३५ मध्ये. तीनशे अठरा वर्षांचा मुक्काम एका कागदाने संपला.

म्युझियम आलं १९६४ मध्ये. आज संन्याशांच्या ओसरीवर कदंबकाळातले वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत, मराठी आणि फारसी शिलालेख आहेत, आणि दारातच पणजीहून हलवलेला आल्बुकेर्कचा भला थोरला पुतळा. ज्याने गाव जिंकलं तो आणि ज्यांचं गाव होतं त्यांचे दगड आता एकाच छपराखाली, भाड्याने राहिल्यासारखे. माडीवर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं ओळीने. ही चित्रमाला १५४७ मध्ये जोआव द कास्त्रोने सुरू केली, आणि रंगवायला माणूस इथलाच धरला होता. दाढ्या, कॉलर आणि टोप कसे बदलत गेले एवढंच बघत फिरलात तरी तास जातो.

तर प्रश्न असा: फ्रान्सिस्कनांचे असे आणखी मठ आपल्या भागात होते. त्यांचं काय झालं? माहीत असेल त्यांनी लिहा.

लिंबूसरबत

लेख आवडला. एक बाळबोध शंका: फ्रान्सिस म्हणजे ज्यांचं शव बॉम जेझुसमध्ये ठेवलंय तेच ना? आणि कॉन्व्हेंट तर नन्सचं असतं! आमच्या शाळेत तरी सिस्टरच होत्या. 🙂

चिरेबंदी

नाही हो, दोन वेगळे फ्रान्सिस. बॉम जेझुसमधले झेवियर, जेझुइट या वेगळ्या पंथाचे. ते गोव्यात आले १५४२ मध्ये. हे असिसीचे, इटलीतले, वारले १२२६ मध्ये. गोव्यात कधी पाऊल टाकलं नाही, आले ते त्यांचे अनुयायी. म्हणजे झेवियर बोटीतून उतरले तेव्हा फ्रान्सिस्कन पंचवीस वर्षं इथे मुरलेले होते. गाइड लोकसुद्धा या दोघांची सरमिसळ करतात.

मांडवीकाठ

कॉन्व्हेंटचं मी सांगतो. पोर्तुगीजमध्ये पुरुषांच्या मठालाही तोच शब्द. आमच्या आजीच्या कोंकणीत 'कोंवेंत' म्हटलं की पाद्रींचंसुद्धा येतं. नन्सचा जुन्या गोव्यातला मठ म्हणजे सांता मोनिका, पण तो ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन नव्हे. १८३५ मध्ये बायकांचे मठ एकदम बंद केले नाहीत, फक्त नवीन कुणाला घ्यायचं नाही असं ठरलं. सांता मोनिकातली शेवटची नन वारली १८८५ मध्ये. पन्नास वर्षं एकेक खोली रिकामी होत गेली असेल.

आता चिरेबंदींच्या प्रश्नाचं उत्तर. दोना पावलाजवळ टेकाडाच्या टोकाला गोव्याच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे ना, काबो राजभवन? तो फ्रान्सिस्कनांचाच मठ. सोळाव्या शतकात तिथे आधी काबोच्या सायबिणीचं (मारियामातेचं) छोटं देऊळ, म्हणजे चॅपल, आणि त्या शतकाच्या अखेरीस तिला लागून मठ. १८३५ नंतर सरकारकडे गेला आणि वाढत वाढत गव्हर्नरचा बंगला झाला. चॅपल आजही आत आहे, सणाला लोक जातात. दारिद्र्याची शपथ घेतलेल्यांनी जागा मात्र अशी निवडली की एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला जुवारी आणि समोर अख्खा समुद्र.

लिंबूसरबत

म्हणजे एका मठाचं म्युझियम, एकाचं राजभवन. तिसरा कुठेय?

मांडवीकाठ

तिसरा पिलार. १६१३ चा, फ्रान्सिस्कनांच्याच कडक शाखेचा. गोव्यात त्यांना कापुच म्हणत. टेकडी साधीसुधी नव्हे. पायथ्याशी गोपकपट्टण, गोव्याच्या जुन्या कदंब राजांची राजधानी. टेकडीवर आधी देऊळ होतं. १८३५ नंतर इथेही शुकशुकाट. पण पिलार नशीबवान: १८८७ मध्ये तिथे गोव्यातल्याच पाद्रींची संस्था सुरू झाली, मध्ये क्षीण झाली, १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि आजही चालू आहे. जुना मठ, चौक, सगळं वापरात. मुंबईकरांनो, तुमच्या वाशीच्या आणि वांद्र्याच्या 'फादर अग्नेल'मधले अग्नेल म्हणजे या पिलारचे आग्नेलो डिसोझा. हणजुण्याचे. १९२७ मध्ये वारले, समाधी पिलारलाच आहे.

ओलीभेळ

आयुष्याची सहा वर्षं वाशीच्या अग्नेलमध्ये काढली आणि हे आज कळतंय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पेठेतला

लेख चांगला, पण एक बाजू हलक्या हाताने घेतलीत असं वाटलं. पिलारला देऊळ होतं हे मांडवीकाठांनी एका वाक्यात उरकलं. रेइश मागुश बघा. बारदेशातलं फ्रान्सिस्कनांचं पहिलं चर्च, १५५५ चं. त्याच्या पायऱ्यांच्या कठड्याला सिंह आहेत, ते काही युरोपातले नव्हेत, देवळातले. तिसवाडी, साष्टी, बारदेश हे गोव्याचे तालुके वाटून घेतले या लोकांनी. साष्टी जेझुइटांकडे, बारदेश फ्रान्सिस्कनांकडे. देवळं पडली ती त्या काळात. इमारती सुंदर आहेत, मान्य. पण कशाच्या जागी आहेत तेही लिहायला हवं.

चिरेबंदी

मान्य. चौकातले ते वीरगळ बघताना हेच डोक्यात होतं, पण लिहिताना दारातच अडकलो.

दहिसरनदी

पेठेतला, तुमच्या मुद्द्याचं याहून ठळक उदाहरण मुंबईत आहे: बोरिवलीचं मंडपेश्वर. साधारण सहाव्या शतकातलं शैव लेणं, जोगेश्वरी आणि घारापुरीच्या घराण्यातलं. आंतोनियु दो पोर्तु नावाचा फ्रान्सिस्कन १५४० च्या दशकात इथे आला. लेण्यात राहणारे योगी गेले, लेण्याचं चर्च झालं आणि देवळाचं उत्पन्न राजाच्या हुकमाने मठाकडे वळलं. टेकडीच्या माथ्यावर मठ आणि पोरांसाठी विद्यालय बांधलं. त्याचे पडके दगडी सांगाडे आजही लेण्याच्या डोक्यावर उभे आहेत.

आत काय दिसतं ते सांगतो, कारण आम्ही लहानपणी तिथेच खेळायचो. एका बाजूला शिवाची शिल्पं. एका दालनात नटराज अजून ओळखू येतो. आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर शिल्प तासून त्या जागी भला मोठा क्रूस कोरलाय. जवळून बघितलं तर छिन्नीच्या टवक्यांमधून आधीच्या आकृतींचा उठाव जाणवतो. गंमत म्हणजे सगळं तासलं नाही. बरीच शिल्पं त्यांनी भिंत घालून नुसती झाकली, आणि भिंतीमागे ती टिकली.

१७३९ मध्ये मराठे आले, मठ ओस पडला, लेण्यात पुन्हा पूजा. मग इंग्रजी अमलात परत चर्च. आज पुरातत्त्व खात्याकडे आहे, पिंडीची पूजा होते, आणि शेजारी चर्च आणि शाळा. अवांतर: आयसी कॉलनीतलं 'आयसी' म्हणजे त्या चर्चचं नाव, इमॅक्युलेट कन्सेप्शन. अर्ध्या कॉलनीला माहीत नाही.

पेठेतला

वा. क्रूसाखाली शिल्पाचा उठाव. हे बघायला येतो.

आंतोनियु दो पोर्तुची कान्हेरीची गोष्टही सांगून टाका. दियोगु दो कोउतु या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवलीय: भुयाराचा शेवट शोधायला हा बुवा माणसं, दोर आणि शिधा घेऊन आत शिरला, सात दिवस चालत राहिला, शेवट काही सापडला नाही आणि परत आला. कान्हेरी पाहिलेल्या माणसाला सात दिवस कुठे चालला असेल हा प्रश्न पडतोच.

दहिसरनदी

आमच्या इथे प्रत्येक लेण्यातून एक भुयार वसईला निघतं. त्यातलंच.

वसयकार

निघू दे, मी दुसऱ्या टोकाला बसलोय. 😀

वसईच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कन चर्च, सांतु आंतोनियुचं, याच आंतोनियु दो पोर्तुने सुरू केलं. छप्पर नाही, भिंती आणि कमानी आहेत, आणि फरशीत थडग्यांच्या शिळा. चिरेबंदींनी वर्णन केल्यात तशाच, फक्त इथे त्यांच्यावर पाऊस पडतो. पावसाळ्यात ओल्या झाल्या की अक्षरं उन्हाळ्यापेक्षा नीट वाचता येतात. वडील लहानपणी तिथे घेऊन जायचे आणि शिळेवर पाय पडला की टोकायचे, "अरे, माणूस झोपलाय."

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांना सामानसुमान घेऊन जाऊ दिलं. घंटा मात्र राहिल्या. नाशिकला नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची, वाईजवळ मेणवलीची, या त्या मोहिमेतल्या घंटा.

आमच्या वसईचा सर्वांत मोठा फ्रान्सिस्कन मात्र इथल्या मठात घडलाच नाही. गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, शिकला जेझुइटांकडे, जपानात व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये संतपद. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. कॉलेजच्या पाटीवर नाव रोज वाचतो आम्ही.

गिलावा

इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडं दगडाबद्दल. गोव्यात बांधकाम चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की कडक होतो, पण भोकं भोकं असलेला. त्यावर चुन्याचा गिलावा हवाच, नाहीतर चार महिन्यांच्या पावसात पाणी पितो आणि झिजतो. असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च पांढरं दिसतं ते या गिलाव्यामुळे, आणि ते योग्यच. बॉम जेझुस लालबुंद दिसतं कारण १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला. पर्यटकांना तो लाल रंग आवडतो, पण ते कातडी सोललेलं चर्च आहे. अवांतर पण वसयकारांसाठी: बॉम जेझुसच्या दर्शनी भागावरचा कोरीव कामाचा काळा दगड वसईहून नेलेला.

मठ का टिकला हेही त्यातच आलं. छप्पर आहे तोवर चिरा टिकतो. ऑगस्टिनियनांचा मठ याच हुकमाने बंद झाला, कुणी राहिलं नाही, आणि १८४२ मध्ये कमानीचं छत कोसळलं. मग भिंतींत पाणी. १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज टेकडीवर ४६ मीटरचा अर्धा मनोरा उरलाय, तो सगळ्यांच्या फोटोत असतो. इथे मात्र शेजारी कॅथेड्रल आणि आर्चबिशपचा वाडा, माणसांचा राबता चालू. एक कौल निसटलं तर बघणारं कुणी होतं.

ओलीभेळ

"कातडी सोललेलं चर्च." आता बॉम जेझुस पूर्वीसारखं दिसणार नाही मला.

पेठेतला

अजून एक. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतलं, राजधानीच्या अगदी तोंडाशी. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जीव वाचवून परतला आणि त्याने आपला राजदंड झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला, आता तूच बघ म्हणून. जानेवारीत मोगल कोकणात उतरले म्हणून गोवा वाचलं. त्याच आल्व्होरने २७ जून १६८४ ला हुकूम काढला: तीन वर्षांत कोंकणी सोडा, पोर्तुगीज बोला. आणि त्यामागे जोर लावला तो बारदेशातल्या तुमच्या या फ्रान्सिस्कनांनी.

मांडवीकाठ

बरोबर. आणि त्याच शतकात गास्पार द सांव मिगेल नावाच्या फ्रान्सिस्कनाने कोंकणीचं व्याकरण लिहिलं. एकाच मठात दोन्ही तऱ्हेची माणसं. तीन वर्षं होऊन तीनशे वर्षं झाली, आम्ही बोलतोच आहोत.

टोपणनाव_सुचेना

कोंकणी ही मराठीचीच

*प्रकाटाआ* (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

भाषेच्या वादाला वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथे मठांवरच बोला.

वसयकार

वेदीखालच्या तीन शब्दांवर कुणी बोललं नाही. संन्याशांची तिसरी शपथ ब्रह्मचर्याची असते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. गोव्यात त्या जागी 'नम्रता' आलीय. फ्रान्सिसला नम्रतेचं फार होतं हे खरं. त्याने आपल्या लोकांना नावच 'धाकटे भाऊ' असं दिलं.

चिरेबंदी

हे मला अजिबात खटकलं नव्हतं. तिथे उभा राहून तीनही शब्द भाच्याला वाचून दाखवले होते मी.

लिंबूसरबत

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.) मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले होते, हट्टाने सगळ्यांना जुन्या गोव्यात नेलं. वाटेत दारापासून संन्यासीमाऱ्यापर्यंत पूर्ण प्रवचन दिलं. पोचलो तर म्युझियमला कुलूप! शुक्रवारी बंद असतं, हे एवढ्या विद्वानांपैकी कुणीच लिहिलं नाही.

दार मात्र बघितलं. भर दुपारी भिंत पांढरीफटक आणि डोळ्यांना टोचणारी, नि मधे ते काळं दार. दोन्ही गोल सापडले, कडी मोजायला गेलो तर तिघींचे तीन आकडे आले. मैत्रीण म्हणाली, हे बाकीच्या इमारतीचं वाटतच नाही. तिला १६६१ सांगितलं तेव्हा माझ्याकडे तिने जरा आदराने बघितलं, कॉलेजनंतर पहिल्यांदा.

चिरेबंदी

शुक्रवारचं चुकलंच. वर लेखात घालतो. कड्यांचे तीन आकडे काय आले तेवढे सांगा, भाचा विचारतोय. त्याचा आकडा त्याने वहीत लिहून ठेवलाय आणि मला दाखवत नाही.